हशासाठी थांबायची सवय

लालबागमध्ये मी नुसती उभी राहिले तरी लोक हसायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा रोज कुठे ना कुठे असायच्या, आणि मोठे वक्ते येईपर्यंत जमलेली माणसं धरून ठेवायचं काम आमच्या कलापथकाकडे असायचं. पथक माझ्या थोरल्या भावाचं. दादा दिवसा गिरणीत साच्यावर कापड विणायला आणि संध्याकाळी डफ घेऊन चौकात. गाणी तोच लिहायचा, बतावणी तोच लिहायचा. त्या बतावणीत कोकणातून नुकतीच बोटीनं उतरलेली एक म्हातारी मी करायचे. "मुंबय आमची नाय, तर मगे हय नळार भांडता कोण?" एवढं कमरेवर हात ठेवून मी विचारलं की अख्खा चौक हादरायचा.

मी तेव्हा आईबरोबर गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होते. नाक मोठं, दात पुढे, आवाज फाटका. मुलगी बघायला आलेले लोक ज्या गोष्टींमुळे चहा पिऊन निघून जायचे, त्याच सगळ्या गोष्टी स्टेजवर माझ्या उपयोगी पडायच्या. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. हजारभर माणसं एकदम हसली की पायाखालच्या फळ्या थरथरतात, आणि ती थरथर अंगात चढते. एकदा ती चढली की माणूस कामातून गेला.

एका संध्याकाळी परळच्या मैदानात आमची बतावणी संपली. आम्ही स्टेजमागे डफ, लुगडी गुंडाळत होतो. तिथे एक गृहस्थ आले. पांढरी इस्त्रीची पँट, जाड चष्मा, बोलणं अगदी पुस्तकातलं. गिरगावातलं जुनं घराणं होतं, घरी सगळे वकील आणि डॉक्टर, हे एकटेच सिनेमाच्या नादी लागलेले. हे आम्हाला नंतर कळलं.

"बाई, मी चित्रपट काढतो आहे," ते मला म्हणाले. "मुख्य भूमिका तुम्ही कराल का?"

दादानं विचारलं, "विनोदी आहे का साहेब?"

"नाही. अजिबात नाही."

मी हसले, दादाही हसला. ते हसले नाहीत.

"तुम्ही वाक्य टाकता आणि लोक हसेपर्यंत थांबता," ते म्हणाले. "आज मी लोकांकडे बघतच नव्हतो. तुम्ही थांबलात की तुमचा चेहरा कसा होतो, ते बघत होतो. मला तो चेहरा हवा आहे."

आपला चेहरा कुणाला हवा असेल हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरी जाईपर्यंत मी दादाला तीनतीनदा तेच विचारत होते, "खरंच म्हणाले ना रे?" दादा म्हणाला, "म्हणाले गो! पण वेडे दिसतात."

पुढच्या रविवारी ते आमच्या खोलीवर आले. आईनं त्यांना बसायला ट्रंक पुढे केली, चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला. "सिनेमात तिका काय नेसूचा लागतला?"

"ती रोज नेसते तेच."

"मगे जाऊ दे," आई म्हणाली, आणि विषय संपला.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका बाईचा नवरा सकाळी कामावर जातो तो परत येत नाही. ती त्याचा जेवणाचा डबा घेऊन त्याला शोधत शहरभर फिरते. बस. गाणी नाहीत, खलनायक नाही. दादानं कथा ऐकली तेव्हा त्याचं तोंड पडलं. "ह्यात तू करणार काय? नुसती चालणार?" मलाही तेच वाटत होतं. पण एकदा तरी कॅमेरा बघायचा होता, म्हणून मी रजा टाकली.

पहिल्या दिवसाचं काम कॉटन ग्रीनला होतं, कापसाच्या गोदामांपाशी. सोबत म्हणून दादा आला होता. गोदामाच्या फाटकावर चौकीदाराचं काम करणारा एक नट उभा होता. मी त्याला विचारायचं, "आमचे हे इथे आले होते का?" तो म्हणणार, "नाही." त्यावर माझं वाक्य होतं, "मग मी हा डबा कुठे नेऊ?"

मी ते म्हटलं, आणि थांबले. अंगवळणी पडलेलं होतं ते, वाक्य टाकलं की थांबायचं. हसायला अर्थातच कुणी नव्हतं. कापसाचा धुरळा, कॅमेऱ्याची घरघर आणि मी. माझे कान तापले.

साहेबांनी कॅमेरा बंद करायला सांगितला. "का थांबलात?"

"चुकलं साहेब. सवय आहे. हशा ओसरेपर्यंत पुढचं बोलायचं नसतं, नाहीतर पुढचं वाक्य वाया जातं."

"पण इथे हशा नाही."

"म्हणून तर म्हणते, चुकलं."

ते एकदम उठून उभे राहिले. चष्म्याआडचे डोळे चमकत होते. "चुकलं नाही! बाई, असंच करा. प्रत्येक वाक्यानंतर तेवढंच थांबा. हशा येणार नाही हे ठाऊक असून थांबा."

मी पुन्हा फाटकापाशी गेले. "मग मी हा डबा कुठे नेऊ?" म्हटलं आणि थांबले. खरं सांगते, त्या थांबण्यात काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. स्टेजवर ती जागा लोकांनी भरून काढलेली असायची. इथे ती मोकळी होती, आणि त्या मोकळ्या जागेत ती बाई येऊन उभी राहिली. तिची भूक, तिची चप्पल, नवऱ्यावरचा तिचा राग, सगळं मला एकदम दिसलं. मी काही करत नव्हते. चेहरा आपला आपण होत होता.

तेवढ्यात बाजूनं जाणारा एक हमाल पाठीवरचं ओझं खाली टाकून थेट माझ्यापाशी आला. "काय नाव तुमच्या मालकाचं? कुठल्या गोदामात असतो? चला, मी विचारतो आतमध्ये."

दादा धावत आला. "अरे बाबा, शूटिंग चाललंय!"

हमालानं कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो दादावरच उखडला. "शूटिंग आहे तर आधी सांगायचं ना! माझ्या काळजात धस्स झालं."

साहेब टाळ्या वाजवायला लागले. मला तर उड्या मारायच्या होत्या. एवढे दिवस हजारो माणसं हसवली, पण एका माणसाला ओझं खाली ठेवायला लावलं ते त्या दिवशी. परतताना दादानं डबा माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, "माझ्या बतावणीत तू हे कधी केलं नाहीस."

"तू कधी लिहिलं नाहीस," मी म्हटलं. तो मोठ्यानं हसला, तेव्हा मला हायसं वाटलं.

पुढचं काम कफ परेडच्या मच्छीमार नगरात. बांबूवर बोंबील वाळत घातलेले, त्यांच्या मधून मी डबा घेऊन चालत जायचं आणि बसलेल्या बायकांना नवऱ्याबद्दल विचारायचं. पण कोळणींनी मला लांबूनच ओळखलं. "अगो, ही तर सभेतली म्हातारी!" मी एक पाऊल टाकलं की त्या हसून लोळायच्या. साहेबांनी हात जोडले, उपयोग झाला नाही. दुपार कलायला लागली.

शेवटी मी डबा खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि त्यांच्यासमोर अख्खी बतावणी केली. नळावरचं भांडण, बोट लागते तो भाग, पोलिसाला मालवणी शिकवते तो भाग, सगळं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसवलं. त्या दमल्या तेव्हा म्हटलं, "झालं? आता माझा नवरा हरवलाय. तो शोधू द्या."

त्यातली सगळ्यांत वयस्कर बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "शोध, शोध बाय." त्यानंतर एकही हसली नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी किनाऱ्यावर उभं राहून होडीची वाट पाहिलेली. मी विचारलं तेव्हा त्यांनी जी मान हलवली, ती कुठल्या नटीला जमली नसती.

सिनेमा आमच्याच भागातल्या थेटरात लागला. अख्खी चाळ आली, गिरणीतल्या बायका आल्या, पथकातली पोरं आली. पडद्यावर माझं तोंड दिसलं आणि थेटर हसायला लागलं. मी खुर्चीत अंग चोरून बसले. मला वाटलं, संपलं सगळं. पण माझी बाई चालत राहिली, विचारत राहिली, आणि हसणं हळूहळू विरळ झालं. शेवटाकडे एक प्रसंग होता. दिवसभर वणवण करून ती एका पायरीवर बसते, नवऱ्याचा डबा उघडते आणि स्वतःच जेवायला लागते. तिथे लोक पुन्हा फस्सकन हसले. दुसऱ्या क्षणी थेटरात असं चिडीचूप झालं की मला आईच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. आई तोंडावर पदर धरून बसली होती.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "जेवलंस ता बरा केलंस."

सिनेमा आठवडाभर चालला आणि उतरला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की हिनं आपलं हसवण्याचं काम करावं. मी वाइंडिंगला परत गेले, संध्याकाळी म्हातारी करू लागले. साहेबांनी मात्र सिनेमा युरोपातल्या एका महोत्सवाला पाठवून दिला होता. काही महिन्यांनी ते हातात तार घेऊन थेट गिरणीच्या दरवाजावर आले. पाळी सुटली होती. बायकांच्या गर्दीत ते माझं नाव घेऊन ओरडत होते, हे गिरगावचे गृहस्थ, चष्मा नाकावर घसरलेला. "बाई, बोलावलंय! तुम्हालाही बोलावलंय!"

मी नऊवारीवर उसना कोट घालून विमानात बसले. तिथे समुद्रकाठचं झगमगतं शहर, पायाखाली लाल गालिचा, आणि थेटरात एकही ओळखीचं माणूस नाही. माझ्या येण्यावर कुणी हसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा! मला ते फार चमत्कारिक वाटलं. सिनेमा सुरू झाला. लोक इतके शांत की मला वाटलं झोपले. मग ती बाई पायरीवर बसली, तिनं डबा उघडला, घास घेतला, आणि ती परकी माणसं हसली. अगदी लालबागसारखी, फस्सकन. आणि लगेच गप्प झाली. मी साहेबांचा हात इतका घट्ट दाबला की ते "अहो!" म्हणाले. भाषा नाही, देश नाही, त्यांना मुंबई कुठे आहे हेही माहीत नसेल. पण हसू तिथेच आलं आणि तिथेच थांबलं!

उत्तम अभिनेत्रीचं बक्षीस मला मिळालं. पत्रकारांनी घेरलं. एकानं विचारलं, तुम्ही अभिनय कुठल्या शाळेत शिकलात? मी म्हटलं, "लालबागच्या चौकात. वक्ते वेळेवर आले असते तर काहीच शिकले नसते." साहेबांनी भाषांतर केलं. सगळे खो खो हसले, आणि मी ते हसून होईपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत माझं हे नाक पानभर छापलं होतं.

परत आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होणार हे ठरलं होतं. लालबाग, परळ, चिंचपोकळी, सगळीकडे तोरणं बांधायची घाई. माझ्या गळ्यात हार पडले, गुलाल उडाला, आणि हे आपल्यासाठी की राज्यासाठी ते मला कळेना. दादा गर्दीतून वाट काढत आला आणि कानात ओरडला, "आता सभा संपल्या गो! म्हातारीला रिटायर कर. तुझ्यासाठी नाटक लिहितोय, रडकं!"

ते नाटक त्यानं लिहिलं आणि मी केलंही. पण त्याआधी परदेशातून दुसरं बोलावणं आलं. एका बंदरातल्या खाणावळीत राबणाऱ्या परक्या बाईचं काम होतं. मग तिसरं आलं, मग चौथं. माझी मोठमोठी चित्रं भिंतींवर लागली, रस्त्यात माणसं थांबवून सह्या मागायला लागली. दुसऱ्या सिनेमाच्या वेळी मी आईला बरोबर घेऊन गेले.

एका सकाळी आम्ही तिथल्या मासळीबाजारात गेलो. मासेवाल्यानं मला ओळखलं, आरडाओरडा करून शेजारचे दुकानदार गोळा केले, आणि एक भलामोठा मासा कागदात गुंडाळून आईच्या हातात दिला. भेट म्हणून. आईनं कागद उघडला, माशाचे कल्ले बोटानं उचकटून पाहिले आणि मासा परत त्याच्यापुढे धरला.

"ताजो नाय," ती म्हणाली. "दुसरो दी."

तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. मी हसू दाबत भाषांतर केलं. त्यानं छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि बर्फाखालून दुसरा मासा काढला.