बोटीसाठी रडायचं ते दुसऱ्या दिवशी

आमच्या घरात वचन काढायची पद्धत मी आणली. म्हणजे प्रार्थना करायची, डोळे मिटायचे, बायबल मधेच कुठेतरी उघडायचं आणि पानावर बोट ठेवायचं. बोटाखाली जी ओळ येईल ती आपल्यासाठी. लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हा चर्चमधल्या प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या बायकांकडून मी हे शिकले. फादरना ते पसंत नव्हतं, प्रवचनात त्यांनी एकदोनदा टोलाही हाणला, पण आम्ही कसल्या ऐकतोय. मुलीची दहावी, नवऱ्याची बढती, नवीन घर, सगळ्यासाठी मी वचन काढलं. घर बघत होतो तेव्हा बोट नेमकं मिसर देशातल्या बेडकांच्या पीडेवर पडलं आणि मी तळमजल्याचा एक चांगला फ्लॅट हातचा घालवला. आता आम्ही खोपटला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहाटेपासून एसटी डेपोतल्या गाड्यांची घरघर ऐकू येते. बेडूक मात्र नाहीत.

माझा नवरा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. मशिनांच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं. मी म्हणायचे, तुझी गुपितं माझ्याआधी डेपोतल्या कंडक्टरला कळतात. पण हाच माणूस रविवारी चर्चमध्ये गायला उभा राहिला की मी गप्प व्हायचे. भक्तिगीताची पहिली ओळ तो एकटा उचलायचा, मग बाकीचे त्याच्यामागून यायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा कसा आहे असं मैत्रिणींनी विचारलं, तर मी सांगितलं होतं की दिसायला ठीकठाक आहे, पण गातो. खरं सांगायचं तर त्या आवाजाशीच मी लग्न केलं.

तो आवाज बसायला लागला तेव्हा आधी आम्ही हसलो. मी हळदीचं दूध केलं, ज्येष्ठमध दिलं, गाणं बंद ठेव म्हणून दटावलं. मुलगी डोंबिवलीला दिलेली आहे. ती फोनवर त्याचा आवाज ऐकून म्हणायची, पप्पा, तुम्ही हिंदी सिनेमातल्या व्हिलनसारखे वाटता. मग हसणं कमी झालं. औषधांनी गुण येईना. कॅमेरा घशात घालून बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं, आणि तुकडा काढून तपासायला पाठवू या म्हणाले.

रिपोर्ट यायला आठवडा लागणार होता. पहिल्याच दुपारी तो कामावर गेल्यावर मी बायबल घेऊन बसले आणि वचन काढलं. बोट ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागात पडलं. समुद्रात वादळ आहे, कितीतरी दिवस सूर्य दिसलेला नाही, तारे दिसलेले नाहीत, आणि आपण वाचू अशी जी काही आशा होती तीही आता सुटली, अशा अर्थाची ती ओळ होती. मी ती पुन्हा वाचली. मग बायबल मिटलं आणि कपाटावर, सुटकेसच्या मागे ठेवून दिलं.

कोणाला बोलले नाही. मनात मात्र देवाशी कडाक्याचं भांडण सुरू झालं. इतकी वर्षं तुझं नाव घेतलं, उपास धरले, चर्चची फुलं लावली, आणि तू मला हे दाखवतोस? संध्याकाळची प्रार्थना मी चालू ठेवली, नाहीतर नवऱ्याला संशय आला असता. पण तोंडानं नमो मरिया आणि मनात भांडण असं ते चाललं होतं. मुलगी रोज मोबाइलवर सूर्योदयाची चित्रं आणि धीराचे मेसेज पाठवायची. तिचा हेतू चांगला होता. मला ते बघून अजून चीड यायची.

रिपोर्ट आला. कॅन्सरच निघाला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. त्यांनी कागदावर घशाचं चित्र काढून समजावलं. नुसत्या शेकानं, म्हणजे रेडिएशननं, भागणार नाही, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास मानेला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. आवाज जाईल. पण गाठ अजून बाहेर पसरलेली नाही, वेळेत केलं तर माणूस वाचायची आशा चांगली आहे. ऑपरेशन कधी करायचं ते लवकर कळवा म्हणाल्या.

घरी आल्यावर नवरा शर्ट खुंटीला लावता लावता घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नाय करायचं. आवाज काढून घेतला तर मागे राहिलेला माणूस मी नाय."

मी समजावलं, भांडले, रडले. डोंबिवलीहून मुलगी धावत आली, तिनं हात जोडले. तो आपला ढिम्म. तारीख घ्या म्हणून हॉस्पिटलमधून फोन यायचा, तो उचलायचा नाही. एखादा गावठी वैद्य बघू, शेक घेऊन बघू, देव आहे, असं काहीबाही बोलायचा. देव आहे हे त्यानं म्हटलं की मला कपाटावरचं ते पुस्तक आठवायचं. माझ्या मते तर उत्तर आधीच आलेलं होतं. ऑपरेशन करा नाहीतर नका करू, हा माणूस जाणार.

अशात माझी आई राहायला आली. ती उत्तनच्या बाजूची, सगळा जन्म समुद्राकाठी गेलेला. माझे वडील मच्छीमार बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, आणि ही डोक्यावर टोपली घेऊन मासे विकणारी. आता तिला डोळ्यांनी कमी दिसतं. दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, बायबल वाचून दाखव. मी टाळलं. डोकं दुखतंय, काम आहे, नंतर बघू. ती पण माझीच आई, मागे लागली. शेवटी माझा तोल गेला आणि मी तिला सगळं सांगून टाकलं, वचन काढल्याचं, ती ओळ, कपाटाचं. सांगताना आवाज चढला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला हे मला उशिरा कळलं.

आईनं ऐकून घेतलं. मला वाटलं ती रडेल किंवा जवळ घेईल. ती वैतागलीच.

"होरी भर समिंदरात, आनि तू पुस्तक मिटलास?" ती म्हणाली. "मंग त्या मानसांचा काय झाला, ता नको बघाया?"

आमच्या गावात होरी, म्हणजे बोट, वादळात सापडल्याची बातमी आली की किनाऱ्यावरून कोणी उठत नसे. अर्धी बातमी घेऊन घरी जाणं तिथे कुणाच्या बापजन्मी जमलं नाही. आईच्या हिशेबी मी तेच केलं होतं. मी स्टुलावर चढले, सुटकेस सरकवली आणि बायबल खाली काढलं. त्यावर धूळ होती, तीही तिच्या बोटांना कळली.

मग मी वाचत गेले. त्या जहाजावर येशूचा एक प्रेषित होता, कैदी म्हणून रोमला नेत होते त्याला. सगळ्यांची आशा सुटल्यावर तो मधे उभा राहतो आणि सांगतो की जहाज जाईल, पण तुमच्यातल्या एकाचाही जीव जाणार नाही. ही ओळ माझ्या बोटापासून जेमतेम दोन ओळी खाली होती. मी तिथे थांबले, कारण मला पुढचं दिसेना. आई म्हणाली, वाच. पुढे अंधारात ते दोरी टाकून पाण्याची खोली मोजतात, ती कमी कमी होत जाते. खडकावर आपटू या भीतीनं मागच्या बाजूनं चार नांगर सोडतात आणि उजाडावं म्हणून प्रार्थना करत बसतात. नांगर मागून का सोडले ते आईला लगेच कळलं. बोटीचं तोंड किनाऱ्याकडे राहायला हवं, उजाडलं की आत घालता येते. काही खलाशी छोटी होडी घेऊन गुपचूप पळायला बघतात, त्यावर तिनं असली माणसं प्रत्येक बोटीवर असतात असा शेरा मारला आणि आमच्या गावातलं एक उदाहरण दिलं. उजाडायच्या आधी प्रेषित भाकर हातात घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो आणि खायला लागतो. वादळ तेव्हा संपलेलं नसतं. मग जहाज वाळूत रुततं, लाटांनी मागून फुटतं. पोहता येणारे उड्या मारतात, बाकीचे फळ्या धरून येतात, आणि सगळेच्या सगळे जमिनीवर सुखरूप पोचतात.

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. दारातून नवरा म्हणाला, "पण जहाज गेलंच ना, आई."

आईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग तिनं आम्हाला एक गोष्ट सांगितली, जी मला अर्धवटच माहीत होती. मी लहान असताना वडिलांची बोट बुडाली होती. नवी होती, घरातलं सोनं मोडून बांधलेली. दोन दिवस पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या बोटीनं सगळ्यांना आणून किनाऱ्यावर सोडलं. वडील पाण्यातून चालत वर आले. बायकांनी त्यांना शिवून बघितलं, भात खाऊ घातला, क्रुसाजवळ जाऊन मेणबत्त्या लावल्या. बोटीचं नाव कोणी काढलं नाही.

"होरीसाठी आमी रडलो रे," आई जावयाला म्हणाली. "लय रडलो. पन दुसऱ्या दिसाला. त्या दिवशी मानूस घरा आलेला."

नवऱ्यानं आत जाऊन तोंड धुतलं, बाहेर येऊन चहा मागितला आणि चहा पिऊन झाल्यावर मोबाइल माझ्यापुढे धरला. हॉस्पिटलला तूच फोन लाव म्हणाला, माझा आवाज त्यांना कळायचा नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात जेवणाचं ताट आलं. डाळ, भात, दुधी. मुलगी डोंबिवलीहून त्याच्या आवडीची सुरमई तळून घेऊन आली होती. नर्सबाईंनी डोळे वटारले आणि मग दुसरीकडे बघितलं. मी भात कालवायला घेतला तर त्यानं हातानं थांबवलं. पलंगावर ताठ बसला, आणि खरखरत, तुटत, पण त्याच्या त्या वर्कशॉपमधल्या सवयीनं पूर्ण जोरात त्यानं जेवणाची प्रार्थना म्हटली. अन्नासाठी आभार, हातांसाठी आभार, या घशातून आजवर जे निघालं त्यासाठी आभार. शेजारच्या पलंगावरचे आजोबा, त्यांचा देव वेगळा, तेही घास हातात धरून थांबले. आमेन झाल्यावर तो मला म्हणाला, "चल, जेव आता. उपाशी नको बसू उद्या माझ्यासाठी." त्यानंतर तो मुलीशी सुरमईबद्दल बोलला, नर्सशी गोळ्यांबद्दल. पण माझ्याशी त्याच्या स्वतःच्या आवाजात बोललेलं शेवटचं वाक्य ते.

सकाळी त्याला आत नेलं तेव्हा माझ्या हातात काहीच करण्यासारखं नव्हतं. बाहेरच्या बाकावर मी ते नांगराचं पान उघडून बसले. तिथं लिहिलेलं मला पाठ झालं होतं, तरी बघत राहिले. भीती गेली नव्हती, खोटं कशाला सांगू. पण पुढचं पान आहे हे मला आता माहीत होतं, आणि तेवढ्यावर मला बसून राहता आलं. दुपार उलटल्यावर डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सगळं निघालं, छान झालं. मी त्यांचे हात धरले. सोडायचं भान मला राहिलं नाही, त्यांनीच हळूच सोडवून घेतले.

आम्हीही रडलो. घरी आल्यावर, जखम भरत आल्यावर, एका रविवारी टीव्हीवर चर्चमधली मिस्सा लावली होती आणि एक गीत सुरू झालं. त्यानं पहिल्या ओळीला तोंड उघडलं, नुसता मानेतून वारा आला, आणि त्यानं उशीत डोकं खुपसलं. मी शेजारी बसून पोटभर रडले. कोणी कोणाला धीर दिला नाही. त्या आवाजाचं तेवढं रडणं आम्ही देणं लागतच होतो.

आता तो बरा आहे. तपासण्या चालू असतात, दर वेळी जीव मुठीत धरून जातो आणि दर वेळी देवाचे आभार मानत परत येतो. नवं यंत्र गळ्याला लावून बोलायला शिकतोय. ते यंत्र त्याला आवडत नाही, त्यामुळे भांडायचं असेल तेव्हाच वापरतो. वचन काढणं मी सोडलं. रोज एक अध्याय वाचते, अगदी आरंभापासून शेवटापर्यंत, आणि मधे कोणी आलं तरी उठत नाही.

ऑपरेशननंतर नाकातून अन्न द्यायची नळी काढून त्याला पहिल्यांदा तोंडानं पेज दिली, तो दिवस सांगते आणि थांबते. मी चमचा पुढे केला तर त्यानं हात जोडले. डोळे मिटले, ओठ हलायला लागले, आवाज काहीच नाही. प्रार्थनेत डोळे मिटायची माझी जन्माची सवय. पण मिटले तर त्याची प्रार्थना कधी संपली ते मला कळणार कसं? म्हणून मी डोळे उघडे ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसले. पेज निवत होती. किती आभार मानायचे होते त्याला कोण जाणे. ओठ थांबले, त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि आमेन मी मोठ्यानं म्हटलं. अजूनही तसंच चालतं. तो थांबला की मी म्हणते.