डिस्कवरची प्रत आणि दर सोमवारची फ्लॉपी

साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात मी लिपिक होतो. कुणाचा ऊस कधी तोडायचा, याची यादी काढणं हे माझं काम. ऐंशीचं दशक सरता सरता आमच्याकडं संगणक आला आणि त्याच वर्षी पाऊस गेला. वाळत्या उसाला आधी तोड, असं ठरलं. यादी रोज बदलू लागली.

खंडेनवमीला कारखान्यात प्रत्येक यंत्राची पूजा होते. संगणकाची मी केली. तो सुरू करणारी मूळ प्रणाली दोन फ्लॉप्यांवर होती. त्याही पाकिटातून काढल्या आणि हळदकुंकू वाहिलं. फ्लॉपीच्या खाचेत तबकडी उघडी असते आणि पूड गेली की ती खराब होते, हे मला ठाऊक होतं. तरी वाहिलं.

पंधरा दिवसांनी वीज खालीवर झाली, संगणक उठेना. फ्लॉप्याही वाचल्या जाईनात, हळदकुंकू आत गेलं होतं. चूक माझी होती. तसं शेतकी अधिकाऱ्यांना सांगितलं आणि एसटीनं सोलापूरहून नव्या प्रती आणल्या. दोन दिवस गेले. यादी नाही म्हणून तोडणीची टोळी महिन्यासाठी दुसऱ्याच गावाला गेली. तेर गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अर्धा एकर ऊस त्यात वाळला. एक एकर उरला होता.

"मशीन आजारी तुमची, अन् मरायलाय माझा ऊस," तो दारातूनच म्हणाला.

त्याच दिवशी दोन्ही नव्या फ्लॉप्यांतल्या फायली मी हार्ड डिस्कवर उतरवल्या. अधिकारी हसले. "तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवता का? डिस्कच बसली तर?"

"ती चालू आहे तोवर दर सोमवारी तिच्यावरून दोन्हींची मिळून एक ताजी फ्लॉपी करतो, साहेब. फ्लॉपी धुळीनं जाते. एक गेली तर दुसरी करता येईल."

"जागा लई खाईल की."

"डिस्कवर दोन कोटी अक्षरं मावतात, ही सात लाख. पंचविसावा हिस्साही नाही."

फ्लॉपी केली की तिच्यावरून संगणक सुरू करून बघायचाच, हा नियम केला. तिसऱ्या सोमवारची वाचली गेली नाही. लगेच दुसरी केली. चौथ्या सोमवारी अंगात ताप होता, तरी तासभर जाऊन फ्लॉपी करून आलो.

त्याच गुरुवारी वीज पुन्हा दगा देऊन गेली. सोमवारची फ्लॉपी घातली, संगणक उठला. प्रणाली पुन्हा बसवली, डिस्कवरच्या नोंदी शाबूत होत्या, आणि साडेअकराला यादी फलकावर लावली. तेरचा एक एकर तिसऱ्या क्रमांकावर होता.

म्हाताऱ्यानं बोट ठेवून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. "उद्या येतेय व्हय टोळी?"

"सकाळी सातला. गाड्यांना वाट मोकळी ठेवा."