गॅस महागला त्या वर्षी

नागभीडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिकेवर अर्थशास्त्र शिकवतो. भाववाढीची कारणं हा धडा दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे येतो. मागणी वाढते, पुरवठा अपुरा पडतो, बाहेरून येणारं तेल महागतं, रुपया घसरतो. पोरं मुद्दे उतरवून घेतात. माझा तासाचा दर मात्र मी लागलो तेव्हापासून फारसा हललेला नाही.

माझी मोठी बहीण पोंभुर्ण्याकडच्या एका गावात राहायची. तिला आम्ही बाई म्हणायचो. घरी भावजी, मुलगा, सून आणि थोडी धानाची शेती. घराच्या मागून जंगलच सुरू व्हायचं. तिच्याकडे गॅस आला तेव्हा तिनं मला मुद्दाम बोलावून चहा पाजला होता. चूल फुंकून तिचे डोळे कायम लाल असायचे, रात्रभर खोकायची. गॅस आल्यावर खोकला उतरला. सून घरात आली तेव्हा भिंतींवर काजळी नव्हती, याचं बाईला फार अप्रूप वाटलं होतं.

मग भाव चढायला लागले. आधी गोडं तेल, मग डाळ, साबण, आणि पाठोपाठ सिलिंडर. मोह वेचायच्या दिवसांत मी गेलो, तेव्हा अंगणात पुन्हा चूल मांडलेली होती. बाई ओसरीत मोहाची फुलं पसरत होती.

"गॅस सरला का?" मी विचारलं.

"सरला. मंग भरलाच नाई," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तू शिकवतेस ना हे? काऊन वाढते रे इतका भाव?"

मी तिला सांगितलं. आपला देश बहुतेक तेल आणि बराच गॅस बाहेरून घेतो. दूरच्या देशांत युद्ध पेटलं की ते महागतं, आणि रुपया पडला की आणखी महागतं. डिझेल चढलं की ट्रकचं भाडं चढतं, म्हणून दुकानातलं मीठसुद्धा चढतं. खत महागतं, मजुरी थोडी वाढते, आणि धानाचा भाव सगळ्यांत शेवटी, रखडत वाढतो. ती हात न थांबवता ऐकत होती.

"म्हंजे आपल्या हातातलं काईच नाई यात."

"नाही," मी म्हणालो.

"मंग जाऊ दे. जंगल तं हाये ना."

त्यानंतर दोनदा मी तिचा सिलिंडर भरून दिला. पुढच्या खेपेला तिनं नको म्हटलं. तुझीच लेकरं अजून शिकून राह्यली, मी काऊन तुझ्या घरचं घेऊ, असं तिचं म्हणणं. हट्ट करावा इतकी माझीही ऐपत नव्हती. माझ्या घरी तोवर रोजचं दूध अर्धं झालं होतं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी मी वर्गात असताना भाच्याचा फोन आला. बाई शेजारच्या बायांबरोबर सरपणाला गेली होती. फार आत नव्हे, डांबरी रस्त्यावरची मोटार ऐकू येईल इतक्या अंतरावर. बाकीच्या जणी पुढं निघाल्या, आणि ती वाकून मोळी बांधत राहिली. वाघ मागून आला. बायांनी ओरडून, कुऱ्हाडी झाडांवर आपटून त्याला हाकललं, पण तोवर सगळं संपलं होतं.

मी पोचलो तेव्हा तिला घरी आणलं होतं. अंगावर शेजारणीचं नवं लुगडं पांघरलेलं होतं. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. सून तिच्या पायांशी बसून तळव्यांना लागलेली माती पदरानं पुसत होती, पुन्हा पुन्हा. वनखात्याचा एक माणूस मला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावत होता, की वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, की वाघ वाढले आणि जंगल तेवढंच राहिलं. तो चांगला माणूस होता. माझ्यासारखीच त्याच्याकडेही सगळी कारणं होती. मी मान हलवत राहिलो.

बाईच्या पुण्यानुमोदनाला सगळं गाव जेवायला होतं. भात शिजवायला सरपण लागलं. ते गावकऱ्यांनीच आपापल्या घरून आणून टाकलं. त्या ढिगाकडं बघत भावजी बसून राहिले. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

सरकारी मदत आली, त्यातली बरीचशी बँकेत मुदत ठेवीत अडकली. काही महिने त्या घरात गॅस पेटला. पुढं घराच्या डागडुजीत आणि खताबियाण्यात हातातली रक्कम विरली.

परवा सकाळी मी बाईच्या गावाहून परत निघालो, तेव्हा गल्लीतल्या बाया घोळक्यानं जंगलाच्या वाटेला लागल्या होत्या. भाचसून त्यांच्यात होती. मला बघून ती थांबली, पदर नीट केला.

"मामाजी, आता आम्ही आत नाई जात," ती म्हणाली. "कडेकडेनंच जातो."

सांभाळून जा, एवढंच म्हणालो. ती हसल्यासारखं करून पुढच्या बायांना गाठायला भरभर चालत गेली. मला नागभीडची बस धरायची होती, दुपारी तास होता.