मास्तरांचा उजवा पाय

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. एकतीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारी बसताहेत, आणि त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय ब्रेकवर जायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात मास्तरांचा पडतो. किती जणांचे जीव त्या एका क्षणानं वाचले असतील कोण जाणे! पण पायाला कुठं कळतं, गाडी कुठली नि सोफा कुठला? मेव्हण्याच्या गाडीत, सिनेमाला, जेवताना टेबलाखाली, मास्तरांचा उजवा पाय आपला दाबतोच.

आता अशा माणसाच्या पदरी बायको कोण पडावी? शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई! ताल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लग्नानंतरच्या पहिल्याच स्नेहसंमेलनात मास्तरांनी हौसेनं टाळ्या धरल्या, त्या नेमक्या दोन ठोक्यांच्या मधे. मुलं फिसकन हसली, गाणं घसरलं, आणि बाईंनी घरी येऊन सांगितलं, "अहो, पाया पडते, पण टाळी वाजवू नका." तेव्हापासून सत्तावीस वर्षं मास्तर हाताची घडी घालून बसतात. वाईट वाटायचं हो त्यांना, फार वाटायचं. पण सांगतात कुणाला!

तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक मुलगी शिकायला आली. केस हिरवेगार, परीक्षेत तीनदा नापास, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. तिनं गाडीत स्का-पंक नावाचं धांगडधिंग्याचं परदेशी संगीत लावलं. ट्रम्पेट, ट्रोम्बोन, ड्रम सुसाट, आणि गिटारचा फटका बरोबर ठोक्यांच्या मधल्या फटीत. "बंद कर ते!" म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा पाय पडला. गिटारचा फटकाही तिथंच पडला. पुन्हा पडला, पुन्हा तिथंच! गाडी मात्र भर रस्त्यात चार वेळा गचकन थांबली. मागचे लोक नाही नाही ते बोलत होते आणि मास्तर पोट धरून हसत होते.

झालं, लागलं वेड. तसलंच संगीत वाजवणाऱ्या एका आठ जणांच्या बँडचे पाच कार्यक्रम मास्तरांनी एकट्यानं पाहिले, पांढऱ्याकाळ्या चौकड्यांची टोपी घालून, अगदी पुढं उभं राहून. सहाव्याला त्यांनी दोन तिकिटं काढली. एकदा, फक्त एकदा बायकोनं शेजारी उभं राहावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"एक गाणं ऐकेन," बाई म्हणाल्या. "नाही आवडलं तर उठून घरी येईन."

"उठशील कशाला? तिथं बसायलाच नसतं."

रविवारी दुपारी चार वाजता सभागृह खच्चून भरलं होतं. पहिलं गाणं सुरू झालं आणि माणसं जागच्या जागी धावल्यासारखी नाचू लागली. मास्तरही गुडघे उचलून, कोपरं हलवून सुटले, पण एक डोळा बायकोवर. बाई बोटांवर मात्रा मोजत होत्या आणि तोंड असं, की कुणी काढा पाजलाय. गाणं संपलं. बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"झालं एक. निघते मी."

मास्तरांचा चेहरा पडला. पण शब्द म्हणजे शब्द. ते मुकाट्यानं गर्दीतून तिला वाट करून देऊ लागले.

तोवर दुसरं गाणं सुरू झालं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या धरल्या होत्या; वाट काढता काढता मास्तरांनीही, उजव्या पायाबरोबर. सवयीचे हात ते, बाईंचेही उठले. खणखणीत टाळी, बरोबर ठोक्यावर! तेवढ्यात गर्दीतून हिरवे केस वर आले.

"मास्तर! आणि या काकू का? अहो काकू, टाळी चुकतेय तुमची!"

मास्तर तिला डोळ्यांनी खुणा करू लागले. या कार्टीला ठाऊक नाही आपण कुणाशी बोलतोय!

"माझी?" बाई म्हणाल्या. "टाळी? चुकतेय?"

"हो ना, दर वेळी. मधे वाजवायची. मास्तरांकडे बघा, त्यांची कशी बरोबर पडते!"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. त्यांची टाळी पडत होती तेव्हा हजार माणसांचे हात नुसते वर होते. आता बाईंचा स्वभाव असा, की चूक सुधारल्याशिवाय वर्गातून बाहेर पडायचं नाही. त्यांनी पर्स त्या मुलीच्या गळ्यात अडकवली आणि पदर खोचला. पहिली टाळी ठोक्यावर. दुसरी ठोक्यावर. तिसरीही, हट्टानं, ठोक्यावरच! जन्माची सवय अशी कशी सुटेल? बाईंना दरदरून घाम फुटला. शेवटी त्यांनी मान खाली घातली आणि मास्तरांच्या उजव्या बुटाकडे टक लावली. पाय पडला, टाळी. पाय पडला, टाळी. जमलं की! बाई लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या.

मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना एकदम भरून आलं. चष्मा काढून ते रुमाल शोधू लागले, त्या नादात पाय थांबला, आणि बाईंची टाळी भरकटली. मास्तरांच्या बरगडीत कोपर बसलं.

"रडायचं ते घरी जाऊन रडा," बाई ओरडल्या. "आधी पाय चालवा, टाळी चुकतेय माझी!"