टाकं नसलेली गढी

शनिवारी दुपारी चार वाजता ऑस्ट्रेलियात ब्लॅकटाउनमधल्या आमच्या घरात टीव्हीवर जॉर्डनचा एक रिकामा हमरस्ता दिसू लागला. अम्मानमध्ये सकाळचे नऊ वाजले होते, पुण्यात साडेअकरा. एप्रिल महिना होता, भारतातल्या दुसऱ्या लाटेचा. आमच्याकडे मास्क जवळपास उतरले होते. शेजारी बार्बेक्यू चालू होता. रस्त्यावरच्या भारतीय घरांत मात्र फोन वाजला की माणसं बोलणं थांबवत.

सहल ऑनलाइन होती. वाळवंटातल्या तीन प्राचीन गढ्या, सुरुवातीच्या इस्लामी काळातल्या, एका दिवसात. गाइड गाडी चालवणार, प्रत्येक ठिकाणी उतरून फोनच्या कॅमेऱ्याने दाखवणार. मूळ सहल बाबा आणि काका दोघं मिळून करणार होते. काका तरुणपणी जॉर्डनमध्ये रस्त्याच्या कामावर इंजिनियर होते, आणि 'दादा, तुला एकदा त्या गढ्या दाखवायच्यात' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. बाबा आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले, सीमा बंद झाल्या आणि वर्षभर अडकले. सहल रद्द झाली. कंपनीने त्याऐवजी ही दिली. एक लिंक बाबांना, एक पुण्यात काकांना.

काका बुधवारपासून हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होते. बाबांना ते माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं होतं की काकांना थोडा ताप आहे, घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. हे काकांच्या मुलीने आणि मी फोनवर ठरवलं होतं. बाबांच्या हृदयात स्टेंट आहे. शिवाय कळलं असतं तर ते निघाले असते. आमच्या घराण्यात वाईट बातमी आधी धाकट्यांना कळते आणि थोरल्यांना सगळ्यात शेवटी, जेवण झाल्यावर, कोणीतरी शेजारी बसलेलं असताना. मी वीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. बातमीची खात्री झाली की ती द्यायची, एवढंच तिथे शिकलो होतो. ही खात्रीची होती.

"पुणे आलं का?" गाइडने इंग्रजीत विचारलं. मास्कमुळे त्याचे फक्त डोळे दिसत होते.

"येईल," बाबा म्हणाले. "तो शाळेतही दुसऱ्या तासाला यायचा."

पहिली गढी खराना. सपाट माळावर एक चौकोनी दगडी ठोकळा. आजूबाजूला झाड नाही, माणूस नाही. रखवालदाराने कुलूप काढलं. म्हणाला, बऱ्याच दिवसांत कोणी आलं नाही. आतल्या अंगणात गाइडची पावलं घुमत होती. भिंतींत उंचावर अरुंद फटी होत्या. बाबांनी विचारलं, बाण मारायला का? गाइड म्हणाला, नाही, तिथपर्यंत कुणाचा हात पोचत नाही. हवा येण्यासाठी असाव्यात. इमारत कशासाठी बांधली, ते नक्की कोणालाच माहीत नाही.

"बुरूज भरीव, खंदक नाही," बाबा म्हणाले. "याला किल्ला कोण म्हणेल? आणि पाण्याचं टाकं कुठंय?"

"आजोबा, इट्स अ डेझर्ट," माझी मुलगी म्हणाली.

"म्हणूनच विचारतोय. सह्याद्रीत कुठल्याही गडावर आधी टाकं बघतात."

तेव्हा माझा फोन थरथरला. चुलत बहीण. मी गॅरेजमध्ये गेलो.

"आत्ता पाच मिनिटं बोलू देतायत," ती म्हणाली. "मग व्हेंटिलेटरची नळी घालणार. ते दादा दादा करतायत. तुझ्या बाबांना दे फोन."

"असं एकदम? त्यांना अजून काहीच माहीत नाही. सहल संपू दे, तासाभरात मी नीट सांगतो."

"तास नाहीये रे!"

मी गॅरेजच्या दाराकडे बघत उभा राहिलो. आत बाबा टाक्यावरून गाइडशी भांडत होते, खुशीत.

"काकांच्या फोनवर सहलीची लिंक आहे," मी म्हणालो. "ती उघड. कॅमेरा बंद ठेव. त्यांना बाबांचा आवाज ऐकू येईल."

"आणि माझे बाबा बोलले तर?"

"बोलू देत."

मी परत खोलीत आलो तोवर पडद्याच्या कोपऱ्यात एक काळी चौकट उमटली होती. तिच्यातून सूऽऽ असा सलग आवाज येत होता.

"वेलकम, पुणे," गाइड म्हणाला.

"आलास?" बाबा पुढे सरकले. "अर्धी गढी संपली. केवढा तो वारा, ऐकू येतोय बघ."

"इथे आज वारा नाही, सर," गाइड म्हणाला.

त्या आवाजातून काका म्हणाले, "दादा." थोडं थांबून पुन्हा, "दादा, तो..."

"बोलू नकोस!" बाबा ओरडले. "घसा बसलाय ना? सांगितलेलं ऐकायचं नाही कधी. गप्प बस आणि नुसतं बघ. तुझ्या गढीत टाकं नाही. एवढी वर्षं उगाच कौतुक सांगत होतास."

नंतर फक्त तो आवाज. गाइड जिना चढून वर गेला, फटीतून बाहेरचा माळ दाखवला. तो खाली आला तेव्हा काळी चौकट नव्हती.

"नेट गेलं असेल," बाबा म्हणाले.

उरलेल्या दोन्ही गढ्या त्यांनी पाहिल्या. मी त्यांच्या शेजारी बसून होतो. त्या संध्याकाळी मी काही सांगितलं नाही. रविवारीही नाही. काका सोमवारी गेले. मी मंगळवारी सकाळी नाश्ता झाल्यावर बाबांना सगळं सांगितलं, बुधवारपासून क्रमाने, गॅरेजमधल्या फोनसकट.

ते रडले नाहीत. त्यांनी बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "तो वारा नव्हता."

"नाही."

"त्याला सगळं ऐकू येत होतं?"

"हो. फोन कानाशी धरला होता."

"मी काय बोललो? नीट आठवून सांग."

आठवायची गरज नव्हती. एखादं वाक्य गाळता आलं असतं, आणि त्यांना कळलंही नसतं. पण आठवडाभर गाळणंच चाललं होतं. मी शब्द न बदलता सगळं सांगितलं: बोलू नकोस, गप्प बस, टाकं नाही, उगाच कौतुक.

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तो काय सांगत होता?"

"'दादा, तो...' एवढंच म्हणाले."

"पुढे?"

"पुढे तुम्ही बोललात."