पाण्यातलं औषध

माझ्या सासूबाईंच्या उजव्या पायावर घोट्यापासून पोटरीपर्यंत हिरव्यानिळ्या शिरा फुगलेल्या होत्या. जन्मभर भाताच्या आवणीला चिखलात आणि झोडणीला खळ्यावर उभा राहिलेला तो पाय. मी पोशीरला सून म्हणून आले, त्याच्या पुढच्याच वर्षी त्या शिरांवरची कातडी काळपट पडून खाजायला लागली. चुलीपुढे बसल्या बसल्या त्या नखांनी नडगी करकरा खाजवायच्या आणि तो आवाज ऐकला की मी हातातलं काम टाकून बघायला जायची. मी मुळातच भित्री. माहेरी खोपोलीला कुणाला नुसतं खरचटलं तरी मी रात्रभर जागायची.

शेवटी ह्यांनी आम्हा दोघींना कर्जतच्या बाजारपेठेतल्या होमिओपाथीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या आणि वरून लावायला एक तपकिरी बाटली. औषधाचं नाव हॅमामेलिस. “विलायती झुडपाच्या सालीचा अर्क आहे,” ते मला म्हणाले, “पण स्पिरिटात काढलेला. नुसता कधी लावायचा नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. पुरळ आलं नाही तरच पायाला. आणि कातडी फुटलेली असेल तिथे अजिबात नाही.”

“पोटात गेलं तर?” मी विचारलं.

“जाऊ देऊ नका. चुलीपासूनही लांब ठेवा.”

घरी येईपर्यंत ते सगळं मी मनात घोकत होते. सासूबाईंच्या दंडाला लावलं, दुसऱ्या दिवशी उजेडात नेऊन पाहिलं. लाली नव्हती. मग रोज संध्याकाळी कापसाचा बोळा भिजवून मी त्यांच्या नडगीवरून फिरवायची. वास येताच त्या नाक मुरडायच्या. “दारूच हाय गं ही,” म्हणायच्या, पण खाज कमी झाली. माझाही जीव जरा भांड्यात पडला.

दिवाळीच्या सुमाराला त्या म्हणाल्या, “आता माजं मी लावीन. तुला काय थोडी कामं हायत?”

मला बरंच वाटलं. पण थोड्या दिवसांनी एक गोष्ट डोळ्यांत भरली. सासूबाई आमच्याकडच्या बायकांसारखं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून नेसायच्या. आता ते घोट्याला टेकायला लागलं होतं. शेतावर जातानासुद्धा. विचारलं तर म्हणाल्या, “थंडी पडलीय.” थंडी होती खरी. पण बाटलीही भराभर खाली चालली होती. पाण्यात कालवून लावलं असतं तर ती कितीतरी दिवस पुरली असती.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं.” पण सासूबाई चालायला लागल्या की माझी नजर त्यांच्या पायाकडेच जायची. उजवं पाऊल त्या हळूच टेकतायत का? का मलाच तसं वाटतंय?

भात निघालेल्या शेतात वाल पेरले होते. एका दुपारी आम्ही दोघी तिथे निंदत होतो. सासूबाई मध्येच उठल्या आणि बांधावर जाऊन डोळे मिटून बसल्या. मी पाणी घेऊन गेले तर त्यांच्या लुगड्यावर, नडगीपाशी, माश्या बसलेल्या. तिथे ओला डाग होता.

मी न विचारताच काठ वर केला. त्यांनी माझा हात धरला, पण उशीर झाला होता. घोट्याच्या वर लिंबाएवढी जखम होती. भोवतीची कातडी लालभडक, सुजलेली, कडेने पापुद्रे सुटलेले.

“कधीपासून, आई?”

“दिवाळीधरनं. खाजवता खाजवता फुटलं.”

“आणि त्याच्यावर हे औषध?”

“तुजं पाण्यातलं लागतच नव्हतं. म्हून नुसतं लावलं. लय आग व्हायची. मला वाटलं, गुण येतोय.”

“मला का नाही सांगितलंत?”

त्या माझ्याकडे बघेनात. मग म्हणाल्या, “तुमी दवाखान्यात न्याल. तितनं ममईला धाडतील. माज्या थोरल्या भैनीचा पाय तितंच कापला. चालत गेलेली गं ती. आणली तवा गाडीत निजवून आणली.”

त्या बहिणीबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्याशेजारी बांधावर बसले. म्हटलं, “मी सोबत येते. डॉक्टरांना जे विचारायचं ते तुमच्यासमोर विचारीन. तुमच्या पाठीमागे काही ठरू देणार नाही.”

“देवाशपत?”

“देवाशपथ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेरळपर्यंत सोडायला आले. आईचा पाय पाहिल्यावर ह्यांनीच तिला दंडाला धरून आगगाडीत चढवलं. गाडीत सासूबाई खिडकीशी बसल्या आणि कर्जत येईपर्यंत माझ्या पदराचं टोक त्यांनी मुठीत धरून ठेवलं. होमिओपाथीच्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि बाटली काढून घेतली. “हे आता माझं काम नाही. तडक सरकारी दवाखान्यात जा.”

सासूबाईंना हाताला धरून मी तिकडेच निघाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साखरेसाठी लघवी तपासली, पाय दाबून पाहिला. साखर नव्हती. शिरांमुळे झालेली जखम, त्यात पू झालेला, आणि नुसत्या अर्काने कडा भाजल्यासारख्या झालेल्या. मी विचारणार होते, पण सासूबाईंनीच विचारलं.

“कापनार का?”

“कशाला कापायचा?” डॉक्टर म्हणाले. “पण आणखी लपवला असतात तर मला असं सांगता आलं नसतं. आता रोज पट्टी, गोळ्या, आणि बसाल तेव्हा पाय उशीवर. हाताला पाय कढत लागला तर लगेच या.”

सासूबाई तिथेच बाकावर रडायला लागल्या. मीही.

जखम भरायला शिमगा उजाडला. मागे पातळ, चकचकीत कातडी राहिली. पुढच्या आवणीला त्या चिखलात उतरल्या नाहीत. घरी भाकऱ्या भाजायच्या. नंतर डाव्या पायाला खाज सुटली तेव्हा दवाखान्यात विचारूनच आम्ही पुन्हा ते औषध आणलं. मी पाण्यात कालवून द्यायची आणि त्या चहाची वाट बघावी तशी निमूट बसून राहायच्या.

माझी भीती मात्र गेली नाही. येता जाता मी त्यांच्या नडगीला हाताची मागची बाजू लावून बघायची. सुरुवातीला त्या चिडायच्या. पुढे मी विसरले तर त्याच लुगडं वर करून पाय पुढे करायच्या आणि म्हणायच्या, “बघ गं, गरम लागतोय का?”