नत्थुजी फिटरची युनियन

अमरावतीच्या प्रवासी गाड्या चालवणाऱ्या एका खाजगी मोटार कंपनीत नत्थुजी फिटर होते. गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगत. छप्पन साली त्यांनी बायको पंचफुलासह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर कारखान्यात त्यांच्या जातीसाठी ठेवलेल्या वेगळ्या माठाचं पाणी पिणं त्यांनी बंद केलं. तहान लागली की सरळ रस्त्यावरच्या नळावर जात.

तेव्हा कामगारांची युनियन नावालाच होती. सभेला चार माणसं यायची, तीही चहापुरती.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात शेषराव ड्रायव्हरनं धारणीची गाडी न्यायला नकार दिला. ब्रेक धरत नव्हता, आणि वाटेत मेळघाटातली वळणं.

"शेठ, गाडी चालते, पन थांबत नाई," शेषराव म्हणाले.

शेठनं त्यांना त्याच दुपारी कामावरून काढलं. नत्थुजींनी हातातला पाना खाली ठेवला.

"ब्रेक खराब हाय हे मीच सांगतलं होतं. शेषरावले घ्या, नाई तर मलेही काढा."

दोघं फाटकाबाहेर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत सगळा कारखाना त्यांच्या शेजारी होता.

शेषरावांची बायको गोदाबाई कुणबी शेतकरी घरातली. ती आणि पंचफुला एकमेकींना ओळखतही नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दोघीही भाकरी घेऊन फाटकाशी आल्या. गोदाबाईची भाजी वाटतावाटता संपली. पंचफुलानं आपला ठेचा पुढे केला. गोदाबाई क्षणभर थांबली, मग भाकरीवर ठेचा घेऊन तिथंच जेवली. "लयच तिखट करता वो तुमी," एवढंच बोलली.

शेठनं अकोल्याहून ड्रायव्हर आणले. त्यांच्यात किसनराव म्हणून वयस्कर गृहस्थ होते. तरणी पोरं दगड शोधू लागली. नत्थुजींनी त्यांना हटकलं आणि स्वतः पुढे झाले.

"भाऊ, आमी अडवत नाई. पन आधी ब्रेक दाबून पहा."

किसनराव गाडीत चढले. बराच वेळ खाली आले नाहीत. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"शेठ, या गाडीत तुमी तुमच्या घरच्यायले बसवान का?"

किसनरावांनी डोक्याचा रुमाल सोडला, तो जमिनीवर अंथरला आणि नत्थुजींशेजारी बसले. बाकीचे अकोलेकरही बसले.

मग शेठला बोलणी करावीच लागली. शेषराव कामावर परतले. फिटरनं पास केल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, असंही ठरलं. युनियनच्या पुढच्या सभेला बसायला जागा पुरेना. तिथं एकच माठ ठेवला होता, आणि सगळे त्यातलंच पाणी पीत होते.

पुढं नत्थुजी युनियनचे सेक्रेटरी झाले. काही वर्षांनी, बरंच भांडून, आठवड्याची पगारी सुट्टीही मिळाली. पण पहिल्याच सुट्टीच्या दिवशी काय करावं, हे त्यांना सुचेना. सकाळपासून ते घरभर फिरत होते. चुलीजवळ गेले, डबे उघडून पाहिले, दाराची कडी उगीचच घट्ट केली.

"काहून घुटमळून राहिले?" पंचफुला वैतागली. "युनियननं सुट्टी तुमाले देल्ली, माह्या डोक्याले ताप काहून?"

नत्थुजी हसले. बाहेर जाऊन लिंबाखाली बाज टाकली आणि दुपार कलेपर्यंत गाढ झोपले.